दुर्लक्षित झाडलोट, असुरक्षित बंदरे

४ डिसेंबर २०२३ रोजी भारतीय नौदलाने आपला वार्षिक दिन मालवणनजीक तारकर्लीच्या किनाऱ्यावर, सिंधुदुर्गाच्या साक्षीने साजरा केला. युद्धनौकांची रांग, डोक्यावरून झेपावणारी लढाऊ विमाने आणि नौसैनिकांची चपळ प्रात्यक्षिके पाहून किनाऱ्यावरच्या गर्दीने टाळ्या वाजविल्या, आणि त्या रास्तच होत्या. कोल्हापूरच्या माणसाला तर हा किनारा परका नाही. १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांच्या हवाली करावे लागले, तोपर्यंत सिंधुदुर्गावर करवीरकर छत्रपतींचा अंमल होता. घाटमाथ्यावरच्या या राज्याला एके काळी स्वतःचा समुद्र होता, ही गोष्ट आज इतिहासाच्या पुस्तकाबाहेर फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

परंतु त्या दिवशीच्या ताफ्यात एका जातीचे जहाज नव्हते आणि ते नाही याची चुटपुट कोणाला लागली नाही. ते आणता येण्यासारखेही नव्हते. कारण त्या जातीचे एकही जहाज तेव्हा भारतीय नौदलापाशी उरलेले नव्हते. समुद्रात शत्रूने पेरलेले सुरुंग हुडकून ते निकामी करणारे, नौदलाच्या नित्याच्या भाषेत ज्याला 'माइनस्वीपर' म्हणतात ते हे जहाज. 'कोझिकोडे' ही सुरुंगनाशक नौका एप्रिल २०१९ मध्ये विशाखापट्टणम येथे सेवेतून निवृत्त झाली आणि तिच्याबरोबर एक संपूर्ण परंपरा खंडित झाली. साडेसात हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा, बारा मोठी बंदरे आणि दोन्ही अंगांना नौदलाचे तळ असलेल्या देशाजवळ स्वतःच्या बंदराचे तोंड झाडून स्वच्छ करणारे जहाज नसावे, ही स्थिती केवळ चमत्कारिक नव्हे, चिंताजनक आहे.

कोकणच्या पाण्यातील धडा

पाणसुरुंगाचे संकट दूरदेशीचे आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. पहिल्या महायुद्धात 'वोल्फ' नावाचे जर्मन जहाज व्यापारी जहाजाच्या वेषात १९१६ च्या नोव्हेंबरअखेर कील बंदरातून बाहेर पडले. त्याच्या पोटात चारशेहून अधिक सुरुंग होते. आफ्रिकेचे टोक व कोलंबो यांच्याप्रमाणेच फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईच्या वाटेवरही त्याने रात्रीच्या अंधारात आपले बियाणे पेरले आणि ते निघून गेले. त्यानंतर चार महिने लोटले. २३ जून १९१७ रोजी, ऐन पावसाळ्यात, पी. अँड ओ. कंपनीचे 'मंगोलिया' हे टपाल व उतारू वाहणारे मोठे जहाज मुंबईपासून सुमारे पन्नास मैलांवर यांपैकी एका सुरुंगावर आदळले आणि थोड्याच वेळात बुडाले. वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्याच महिन्यात 'सिटी ऑफ एक्झेटर'ला जबर धक्का बसला, जुलैत 'ओखला' बुडाले आणि नोव्हेंबरात 'क्रॉक्स्टेथ हॉल'. सुरुंग पेरणारे 'वोल्फ' तोवर हजारो मैल दूर गेले होते. ४५१ दिवसांच्या फेरीनंतर फेब्रुवारी १९१८ मध्ये ते सुखरूप मायदेशी पोहोचले.

या एका हकिगतीत पाणसुरुंगाचा सगळा स्वभाव आला आहे. तोफेचा गोळा सुटतो आणि पडतो. तेथे त्याचे काम संपते. सुरुंग मात्र टाकणाऱ्याच्या पाठीमागे महिनोन्महिने जागा राहतो. शत्रू समोर नसतो, लढाई चालू नसते आणि तरीही जहाज बुडते. शिवाय त्याचा खर्च नगण्य असतो. १८ मार्च १९१५ रोजी दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत 'नुसरेत' या लहानशा तुर्की नौकेने दहा दिवस आधी मांडलेल्या अवघ्या २६ सुरुंगांनी ब्रिटन व फ्रान्स यांच्या तीन प्रचंड युद्धनौका गिळल्या आणि जगातील सर्वांत बलाढ्य आरमाराला माघार घ्यायला लावली. १४ एप्रिल १९८८ रोजी इराणच्या आखातात 'सॅम्युएल रॉबर्ट्स' ही अमेरिकन युद्धनौका ज्या सुरुंगाने मोडकळीस आली, त्याचा मूळ आराखडा १९०८ सालचा होता. त्याची किंमत दीड हजार डॉलरच्या आसपास. जहाजाच्या दुरुस्तीस लागले सुमारे नऊ कोटी डॉलर. दुबळ्याने बलवानाला अडवावे आणि गरिबाने श्रीमंताचे दिवाळे काढावे, असे हे हत्यार आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, सुरुंग प्रत्यक्ष असावा लागतच नाही. तो असल्याची वदंता पुरते. एका बंदराच्या तोंडाशी एक स्फोट झाला की विमा कंपन्या दर चढवितात, जहाजांचे मालक वाट वाकडी करतात आणि बंदर आपोआप बंद पडते. मार्ग निर्धोक आहे, असे अधिकारवाणीने सांगणारा कोणी तरी लागतो. तो सांगू शकतो तो केवळ या सुरुंगनाशक नौकांच्या भरवशावर.

लोखंडाला मज्जाव असलेले जहाज

ही नौका इतर युद्धनौकांच्या पंक्तीत शोभून दिसत नाही. ती लहान, संथ आणि जवळजवळ निःशस्त्र असते. तिचे वेग किंवा तोफा यांवरून मूल्यमापन करणे म्हणजे वैद्याची परीक्षा त्याच्या दंडाच्या जाडीवरून करण्यासारखे आहे. तिची खरी किमया तिच्या शरीरात आहे.

जुना सुरुंग नांगराला बांधलेल्या दोरखंडावर तरंगत असे आणि त्याच्या शिंगाला जहाजाचा स्पर्श झाला की फुटत असे. त्याच्यावरचा उपायही सरळ होता. जहाजाने पाठीमागे धारदार कात्र्या लावलेला पोलादी दोर ओढत न्यायचा, सुरुंगाचा दोरखंड कापायचा आणि तो वर आला की गोळी घालून फोडायचा. शेतातून कुळव फिरवावा तसा हा प्रकार होता. पुढे शास्त्र पुढे गेले आणि सुरुंग तळाशी जाऊन बसला. नोव्हेंबर १९३९ मध्ये इंग्लंडच्या शूबरीनेस येथील चिखलात भरतीचे पाणी ओसरल्यावर एक जर्मन सुरुंग सापडला. ब्रिटिश आरमाराच्या तज्ज्ञांनी जीव धोक्यात घालून तो उकलला, तेव्हा त्याचे रहस्य कळले: त्याला स्पर्शाची गरजच नव्हती, वरून जाणाऱ्या जहाजाच्या लोखंडाचे चुंबकत्व त्याला पुरत होते. त्यानंतर यंत्रांचा आवाज ऐकून फुटणारे आणि जहाजाच्या हालचालीने पाण्याच्या दाबात पडणारा फरक ओळखून फुटणारे सुरुंग निघाले. काही सुरुंग तर मोजणी करतात. पहिली पाच-सहा जहाजे मुकाट्याने जाऊ देतात आणि सातव्याखाली फुटतात, म्हणजे मार्ग मोकळा असल्याचा भ्रम पुरता दृढ झाल्यावर.

असल्या शत्रूच्या डोक्यावरून ज्या नौकेला जायचे, तिच्या अंगी लोखंड नसावे, तिने आवाज करू नये आणि पाण्यात फार खळबळ माजवू नये, हे ओघानेच आले. म्हणून १९५० च्या दशकात ब्रिटनने ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर लाकडी फळ्या जडविलेल्या नौका बांधल्या. १९७३ मध्ये काचतंतू व प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाचे संपूर्ण कवच असलेली 'विल्टन' ही पहिली युद्धनौका ब्रिटिश आरमारात दाखल झाली आणि पुढे जगभर तो रिवाज पडला. रशियनांनी कमी चुंबकत्वाचे खास पोलाद वापरले. एंजिनेही चुंबकाला दाद न देणाऱ्या धातूंची बनवावी लागतात आणि त्यांची थरथर पाण्यात उतरू नये म्हणून ती लवचीक बैठकीवर बसवावी लागतात. उरलेसुरले चुंबकत्व जहाजाभोवती विजेच्या तारांची वेटोळी फिरवून मारावे लागते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांत रात्रंदिवस बीड ओतणाऱ्या कोल्हापूरच्या कारागिराला ही गोष्ट गमतीची वाटेल, परंतु ज्या धातूवर त्याचे घर चालते, तोच या नौकेचा पहिला वैरी आहे.

कामाची रीतही दुहेरी आहे. एक झाडलोट: चुंबकत्व आणि आवाज निर्माण करणारी साधने दूर मागे ओढत न्यायची आणि मोठे जहाज चालले आहे अशी हूल देऊन सुरुंग फोडायचा. दुसरा शोध: ध्वनिलहरींनी समुद्रतळाची इंचाइंचाने पाहणी करायची, संशयास्पद वस्तू दिसली की जागच्या जागी स्थिर राहून दूरनियंत्रित यंत्र किंवा पाणबुडा खाली पाठवायचा, ती वस्तू सुरुंग आहे की जुने पिंप याची खात्री करायची आणि मग तिच्याजवळ स्फोटके ठेवून ती उडवायची. हे काम तासांचे नसून दिवसांचे आणि आठवड्यांचे असते. त्यासाठी प्रवाह, वारा आणि वाळू यांशी झुंजत एका ठिकाणी खिळून राहण्याची शक्ती जहाजात आणि तितकीच चिकाटी माणसांत लागते. सर्वांत मोठे भांडवल म्हणजे शांततेच्या काळात केलेली नोंद. बंदराच्या वाटेवरचा प्रत्येक खडक, प्रत्येक बुडीत गलबत आणि प्रत्येक लोखंडी तुकडा आधी टिपलेला असेल, तरच उद्या आलेली नवी वस्तू ओळखता येते. सिंधुदुर्गाभोवतीच्या पाण्यात लपलेल्या खडकांतून होडी नेणारा मालवणी तांडेल हेच करतो. त्याला तळ पाठ असतो. सुरुंग म्हणजे शत्रूने एका रात्रीत आणून ठेवलेला नवा खडक. जुने ज्याला पाठ नाहीत, त्याला नवा कसा दिसणार?

नावे उरली, काम गेले

भारतीय नौदलाला हे सारे ठाऊक नव्हते असे नाही. दुसऱ्या महायुद्धात येथील आरमारात सुरुंगनाशक नौकांचा मोठा ताफा होता. त्यांतील एकीचे नाव 'कोकण' होते. त्याच जातीच्या 'बंगाल' या चिमुकल्या नौकेने ११ नोव्हेंबर १९४२ रोजी 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजाच्या साथीने दोन मोठ्या सशस्त्र जपानी जहाजांशी झुंज घेतली. त्यांतील एक जपानी जहाज बुडाले आणि 'बंगाल' बचावून परत आली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात ब्रिटनकडून लाकडी बांधणीच्या नौका आल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८८ पर्यंत सोव्हिएत रशियाकडून सुमारे आठशे टनांच्या बारा नौका मिळाल्या. त्यांत 'रत्नागिरी' होती, 'कारवार' होती आणि पुन्हा एकवार 'कोकण' होती. १९८० च्या दशकात किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यासाठी काचतंतूच्या कवचाच्या सहा लहान नौका आल्या. त्यांतील एक 'मालवण'. कोकणपट्टीतील गावांची नावे या नौकांना देण्यात औचित्य होते, कारण ज्यांचे रक्षण करायचे त्यांचीच ती नावे होती.

मग एकेक नौका म्हातारी झाली. १९८६ साली रीगा येथे सेवेत दाखल झालेल्या 'कारवार' आणि 'काकिनाडा' ९ मे २०१७ रोजी मुंबईत एकाच संध्याकाळी निवृत्त झाल्या. इतरही दोन-तीन वर्षांच्या अंतराने गेल्या. 'माहे' आणि 'मालवण' ही नावे आता पाणबुडीविरोधी नव्या जहाजांना मिळाली आहेत. ही जहाजे देशातच, कोचीन येथे बांधली गेली, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु नावे परत आली आणि त्या नावांचे मूळ काम मात्र परत आले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

हे अकस्मात घडलेले नाही. जहाजाचे आयुष्य त्याच्या जन्मदिवशीच साधारण ठरलेले असते. १९८८ साली आलेली नौका तीस वर्षांनी थकणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. म्हणूनच २००८ मध्ये आठ नव्या नौकांसाठी निविदा निघाल्या. दक्षिण कोरियाच्या कांगनाम कंपनीची निविदा सर्वांत कमी ठरली. परंतु मध्यस्थ नेमल्याच्या आरोपावरून २०१४ मध्ये सारी प्रक्रिया रद्द झाली. २०१५ मध्ये मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना गोवा शिपयार्डकडे बारा नौकांचे काम सोपविण्याचे ठरले. खर्चाचा अंदाज सुमारे ३२ हजार कोटी रुपयांचा होता आणि तंत्रज्ञानासाठी पुन्हा त्याच कोरियन कंपनीशी बोलणी चालू झाली. वास्कोच्या गोदीत त्या दृष्टीने तयारीही झाली. किंमत आणि तंत्रज्ञान-हस्तांतराच्या अटी यांवर घोडे अडले आणि २०१८ च्या आरंभी हाही प्रस्ताव गुंडाळला गेला. ३ जुलै २०२५ रोजी संरक्षण सामग्री खरेदी परिषदेने या नौकांच्या गरजेला पुन्हा एकदा मान्यता दिली. वृत्तपत्रांतून आलेल्या माहितीप्रमाणे बारा नौका आणि सुमारे ४४ हजार कोटी रुपये असे तिचे स्वरूप आहे. पहिल्या निविदेपासून या मान्यतेपर्यंत सतरा वर्षे गेली. या अवधीत नौका एकही आली नाही. वाढली ती केवळ किंमत.

आरोप असतील तर चौकशी व्हावी, महाग सौदा असेल तर तो नाकारावा, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. सार्वजनिक पैशाची राखण हा गुन्हा नव्हे. परंतु सौदा रद्द करणे हा निर्णयाचा अर्धा भाग झाला. पर्याय उभा करणे हा दुसरा अर्धा भाग. तो दोन्ही वेळा राहून गेला. प्रामाणिकपणाच्या नावाखाली निष्क्रियता खपवून घेतली गेली की तिची किंमत कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही, आणि म्हणूनच ती अधिक महाग पडते.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, कित्येक दशकांत भारतीय बंदरांसमोर सुरुंगाने जहाज बुडालेले नाही. मग ही निकड कसली? याचे उत्तर शेजारच्या चितगावने दिलेले आहे. नौदल दिन ज्या युद्धातील कराची-हल्ल्याच्या स्मरणार्थ पाळला जातो, ते डिसेंबर १९७१ चे युद्ध दोन आठवड्यांत संपले. त्याच युद्धाने चितगाव बंदरात मागे टाकलेले सुरुंग आणि बुडीत जहाजे उपसण्यासाठी सोव्हिएत नौदलाच्या तुकडीला १९७२ पासून १९७४ पर्यंत खपावे लागले. नव्या राष्ट्राचे धान्य आणि औषधे ज्या दारातून यायची, ते दारच अडलेले होते. २०२२ नंतर काळ्या समुद्रात भरकटलेल्या सुरुंगांमुळे युद्धात नसलेल्या तुर्कस्तान, रुमानिया आणि बल्गेरिया यांना जानेवारी २०२४ मध्ये संयुक्त सुरुंगनाशक पथक स्थापण्याचा करार करावा लागला. सुरुंग युद्धाची तारीख पाळत नाही आणि तटस्थाचा ध्वजही ओळखत नाही.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. आता निर्मनुष्य होड्या आणि स्वयंचलित पाणयंत्रे निघाली आहेत. माणसांना सुरुंगांत पाठविणाऱ्या खर्चिक नौका कशाला? यात तथ्य आहे. संरक्षण संशोधन संघटनेच्या विशाखापट्टणम येथील प्रयोगशाळेने सुरुंग शोधण्यासाठी माणसाला उचलून नेता येईल असे स्वयंचलित पाणयंत्र तयार केल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले, ही स्वागतार्ह घटना आहे. परंतु यंत्र समुद्रावर नेणारे, ते सोडणारे, परत घेणारे आणि त्याने आणलेल्या चित्राचा अर्थ लावणारे कोणी तरी लागतेच. बेल्जियम आणि नेदरलँड्स ही आकाराने लहान राष्ट्रे या यंत्रयुगात सर्वांच्या पुढे आहेत. त्यांनीदेखील या यंत्रांसाठी बारा खास जहाजे बांधावयास दिली. नवे तंत्र जहाजाची रीत बदलते. त्याची गरज संपवीत नाही.

किंबहुना खरी हानी जहाजांपेक्षा माणसांची आहे. ध्वनिचित्रातील एका धूसर ठिपक्याकडे पाहून 'हा दगड, तो सुरुंग' असे सांगणारी नजर पुस्तकातून येत नाही. ती वडीलधाऱ्या नाविकाच्या शेजारी बसून वर्षानुवर्षांत तयार होते. शाळा बंद पडली की इमारत पुन्हा बांधता येते. विखुरलेले शिक्षक गोळा करता येत नाहीत. नवी मान्यता प्रत्यक्ष करारात आणि करार जहाजात उतरेपर्यंत आणखी कित्येक वर्षे जातील. तेवढ्या काळात हा वारसा सांगणारी पिढी निवृत्त झालेली असेल. म्हणून जहाज येण्याची वाट न पाहता, आज उपलब्ध असलेल्या यंत्रांवर आणि तात्पुरत्या साधनांवर या शाखेची माणसे घडविण्याचे आणि प्रत्येक बंदराच्या वाटेची तळपाहणी अद्ययावत ठेवण्याचे काम अखंड चालले पाहिजे. कराराला मुदत घालून द्यावी आणि ती टळल्यास संसदेत कारणे मांडली जावीत, ही अपेक्षाही अवाजवी नाही.

घाटमाथ्याचा समुद्र

हा प्रश्न मुंबई-विशाखापट्टणमचा आहे, कोल्हापूरला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पंचगंगेच्या काठच्या उसाला जे पालाश घातले जाते, ते या देशात निघत नाही. ते समुद्रावरूनच येते. घरोघरी जळणाऱ्या गॅसचा निम्म्याहून अधिक भाग आणि एसटीच्या टाकीतील डिझेल ज्यापासून होते त्या खनिज तेलाचा बहुतांश भाग जहाजानेच येतो. कागल आणि शिरोलीचे सुटे भाग परदेशी निघतात ते न्हावा-शेव्याच्या बंदरातून. देशाच्या परदेश व्यापाराचा, वजनाने मोजल्यास, सुमारे ९५ टक्के भाग समुद्रमार्गे चालतो. उरणसमोरच्या अरुंद वाटेवर एक स्फोट झाला, तर त्याचा आवाज कोल्हापूरला ऐकू येणार नाही. परंतु आठवडाभरात तो बाजार समितीत, पेट्रोल पंपावर आणि कारखान्याच्या फाटकावर पोहोचलेला असेल.

दुर्दैवाने या देशात झाडलोटीला मान नाही. पूल बांधला की उद्घाटनाचा नारळ फुटतो. गटार वेळेवर उपसले तर कोणी हार घालीत नाही. नौदलाच्या बाबतीतही तेच झाले. विमानवाहू जहाज दिसते, क्षेपणास्त्राचा धूर दिसतो. न झालेला स्फोट दिसत नाही. सुरुंगनाशक नौकेचे यश म्हणजे काहीही न घडणे, आणि जे घडत नाही त्याची बातमी होत नाही. परंतु राज्यकारभाराची कसोटी बातमी होणाऱ्या गोष्टींवर लागत नसते.

तारकर्लीच्या वाळूवर पुढे कधी तरी पुन्हा नौदलाचा सोहळा होईल. त्या दिवशी भव्य युद्धनौकांच्या रांगेच्या पुढे, वाट तपासत संथपणे चाललेली एक ठेंगणी, कुरूप, लोखंड नसलेली नौका दिसावी. तिला टाळ्या मिळणार नाहीत कदाचित. परंतु मागची सारी रांग तिच्याच भरवशावर पुढे येत असेल.